दिसणं, पाहणं आणि कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी साताऱ्यात दर रविवारी सकाळी आठ-दहा जणांना घेऊन फोटो काढायला बसते. 'बसते' हा शब्द मुद्दाम वापरते आहे, कारण आमचा बराचसा वेळ एका जागी बसण्यातच जातो. कॅमेऱ्याची बटणं शिकवणारे वर्ग गावोगाव आहेत आणि ते शिकणं गरजेचंही आहे. आमचा विषय मात्र नजर हा आहे. आपण काय पाहतो, काय पाहायचं राहून जातं आणि त्या वेळी मन कुठे असतं, याचा शोध. प्रत्येक नव्या गटात साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

हे नेहमीच्या फोटोग्राफीपेक्षा वेगळं कसं?

मराठीत याचं उत्तर दोन क्रियापदांत आहे. 'मला झाड दिसतं' आणि 'मी झाड पाहते'. पहिल्या वाक्यात कर्ता झाड आहे, मी नुसती 'मला' होऊन उभी आहे. दुसऱ्या वाक्यात कर्तेपण माझ्याकडे येतं. दिवसभरात आपल्याला असंख्य गोष्टी दिसतात, पण पाहतो आपण फार थोड्या. आणि यापुढे तिसरी एक पायरी आहे. एखादी गोष्ट खूप वेळ पाहत राहिलं की ती पुन्हा 'दिसते', आणि या वेळी ती आधीसारखी नसते. हे दुसरं दिसणं आपल्या हुकमाने होत नाही. पाहत राहणं तेवढं आपल्या हातात असतं. त्या दुसऱ्या दिसण्यासाठी हा सगळा खटाटोप.

हिंदीत फोटो 'खींचा' जातो. आपण तो 'काढतो', जसं विहिरीचं पाणी काढतो किंवा पायातला काटा काढतो. आत काहीतरी आहे आणि ते हळूच बाहेर आणायचं आहे, असा भाव त्या शब्दात आहे. मला तो शब्द फार नेमका वाटतो.

डोळा म्हणजे एक कॅमेराच ना?

शाळेत आपण तसं शिकलो. भिंग, पडदा, उलटी प्रतिमा, इथवर ते बरोबर आहे. पुढे मात्र दोघांची वाट वेगळी होते.

हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढी, साधारण 2 अंशांची जागाच एका वेळी डोळ्याला खरोखर स्पष्ट दिसते. बाकीचं सगळं धूसर असतं. डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारतो, ठिकठिकाणचे तुकडे गोळा करतो आणि मेंदू त्यातून एक अख्खं चित्र उभं करतो. शिवाय जिथून दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते, तिथे काहीच दिसत नाही. खरं वाटत नसेल तर कागदावर 8 सेंटीमीटर अंतरावर दोन ठिपके काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे पाहत राहा आणि कागद हळूहळू मागेपुढे करा. साधारण 30 सेंटीमीटरवर उजवा ठिपका नाहीसा होईल. त्या जागी भोक दिसणार नाही, कोरा कागद दिसेल. नसलेलं मेंदूने भरून काढलं आणि आपल्याला पत्ता लागला नाही. जन्मभर हेच चाललेलं असतं.

1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग अनेकांना माहीत असेल. काही खेळाडू चेंडूची फेकाफेक करताहेत असं चित्रण लोकांना दाखवलं आणि एका संघाचे पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती येते, छाती बडवते आणि निघून जाते. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, लक्ष दुसरीकडे होतं. कॅमेऱ्याला असलं लक्ष नसतं. त्याच्यासमोर जे आलं ते सगळं तो सारख्याच निष्ठेने टिपतो. म्हणूनच घरी येऊन फोटो मोठा करून पाहिल्यावर डोक्यामागून उगवलेला विजेचा खांब दिसतो. तो खांब फोटो काढतानाही तिथेच होता. अशा 'बिघडलेल्या' फोटोंचं मला फार मोल वाटतं. आपली नजर कुठे नव्हती, याचा तो लेखी पुरावा असतो.

रंगांचंही तसंच. चार वर्षांपूर्वी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर घरी आले, पलंगावर बसले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "अगं, रंग कधी दिलात? आधी पिवळट होती ना ही?" भिंतीला सात वर्षांत हात लागलेला नव्हता. मग त्यांनी एक डोळा झाकायचा, दुसरा उघडायचा, असं चालू केलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने भिंत पांढरी, किंचित निळसर. न झालेल्या डोळ्याने तीच भिंत चहा सांडल्यासारखी. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला कळतच नाही. चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्याचं ऑपरेशन 1923 मध्ये झालं, तेव्हा नंतर सगळं निळं दिसतं अशी त्यांचीही तक्रार होती. बाबा मोने नव्हेत, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पण त्या दुपारी भिंतीसमोर बसून एकेक डोळा झाकत ते जे करत होते, तेच मी रविवारी शिकवू पाहते.

मोबाईल चालेल का?

चालेल. झूम मात्र वापरायचा नाही. पायांनी जवळ जायचं.

सुरुवात कशी करायची?

घरातली एक वस्तू निवडा. सुंदर नको, रोजची हवी. तिचे 36 फोटो काढायचे, एका बैठकीत. 36 का, तर जुन्या रोलमध्ये तेवढ्या फ्रेम असत, आणि रोल संपला की संपला. मधे एकही फोटो उघडून पाहायचा नाही आणि एकही खोडायचा नाही.

पहिले आठ-दहा फोटो भराभर निघतात. ते आपले नसतातच. कॅलेंडरवर, जाहिरातीत, इतरांच्या फोटोंत पाहिलेल्या चौकटी हात आपोआप लावत जातो. पंधराव्याच्या आसपास कंटाळा येतो आणि 'आता यात काय उरलंय' असं वाटतं. याच ठिकाणी बहुतेक जण उठतात. उठू नका, खरं काम इथून पुढे आहे.

आमच्या गटातल्या साठीच्या एका काकूंनी सासूबाईंचा पाटा निवडला होता. पाटा आता कुणी वापरत नाही, मागच्या अंगणात नळाखाली पडून असतो. सुरुवातीला त्यांनी वरवंट्यासकट फोटो काढले, मग त्यावर हळकुंड ठेवून, मग लाल मिरच्या ठेवून. विसाव्या फोटोनंतर त्या चिडल्या आणि मिरच्या काढून टाकल्या. ऊन तोवर उतरून तिरपं झालं होतं. एकोणतिसाव्या फोटोला त्यांनी मोबाईल पाट्याच्या पातळीपर्यंत खाली नेला आणि तशाच उकिडव्या बसून राहिल्या. तिरप्या उन्हात पाट्याच्या मधोमध एक उथळ खळगा दिसत होता, एका बाजूला किंचित जास्त खोल. "आत्याबाई डावखुऱ्या होत्या," त्या म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाईच म्हणत. चाळीस वर्षं पाटा घरात होता, सासूबाई डावखुऱ्या होत्या हेही माहीत होतं, पण त्यांच्या हाताचा भार दगडावर उमटला आहे हे त्यांना त्या दिवशी दिसलं. फोटो तसा साधाच आहे. खळग्यात नळाचं थोडं पाणी साचलंय, बस. तो माझ्या भिंतीवर आहे.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांचा ढोबळ्या मिरचीचा 1930 सालचा फोटो जगभर गाजला. मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेला तो फोटो पाहताना कुणाला पाठीचे स्नायू दिसतात, कुणाला बिलगलेली दोन माणसं. त्या फोटोचं नाव 'पेपर नंबर 30', म्हणजे 'मिरची क्रमांक 30' असं आहे. त्याआधीच्या क्रमांकांचा विचार करा.

ढगांचे किंवा भिंतींचे फोटो काढून मनातलं कसं दिसणार? हे ओढूनताणून वाटतं.

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे, आणि तो ज्यांना पडला त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे न्यूयॉर्कमधल्या छायाचित्रकारांतलं मोठं नाव. त्यांनी काढलेल्या माणसांच्या फोटोंबद्दल एका लेखकाने असं सुचवलं की त्यांचं सामर्थ्य समोरच्या व्यक्तीवर टाकलेल्या मोहिनीत आहे. स्टिग्लिट्झना ते लागलं. मग 1922 साली लेक जॉर्जच्या घरी असताना त्यांनी कॅमेरा आकाशाकडे वळवला. ढग सगळ्यांचे, फुकटचे. त्यांच्यावर कुणाची मोहिनी चालत नाही. पुढची दहाएक वर्षं ते ढग टिपत राहिले आणि दोनशेहून अधिक फोटो झाले. आधी त्या मालिकांना त्यांनी संगीताशी नातं सांगणारी नावं दिली, नंतर 'इक्विव्हलंट्स' म्हणजे 'समतुल्य' हे नाव कायम झालं.

हे फोटो तळहाताएवढे छोटे आहेत. बहुतेकांत क्षितिज नाही, झाडाची फांदी नाही, त्यामुळे वर कुठलं आणि खाली कुठलं हेही कळत नाही. आधार गेला की पाहणाऱ्याला स्वतःच्या आत आधार शोधावा लागतो. स्टिग्लिट्झ यांचं म्हणणं 'हा ढग उदास आहे' असं नव्हतं. माझ्या आत त्या क्षणी जे होतं, त्याच्या तोडीचं काहीतरी मला बाहेर सापडलं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मायनर व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकारांनी पुढे हाच धागा आयुष्यभर धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या मते फोटो पाहणाऱ्याच्या मनात जे उमटतं, तोही त्या फोटोचाच भाग असतो.

म्हणून 'माझ्या मनातलं लोकांना तसंच दिसायला हवं' हा हट्ट सोडून द्या. तुमचं दुःख दुसऱ्याला संध्याकाळची शांतता वाटू शकते. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

फोटो काढण्याआधी तो मनात दिसायला हवा, म्हणतात. म्हणजे काय?

10 एप्रिल 1927. अमेरिकेत योसेमिटीच्या डोंगरात पंचविशीतला छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर उभा होता. ज्यांवर फोटो उमटतो त्या काचेच्या दोनच प्लेट उरलेल्या. पहिली त्याने भिंगापुढे पिवळा फिल्टर, म्हणजे रंगीत काच, लावून वापरली. लगेच त्याच्या लक्षात आलं की यात आकाश फिकं येणार आणि कडा एखाद्या माहितीपत्रकातल्यासारखा दिसणार. समोर उभं राहून छातीत जे दडपण जाणवत होतं, ते त्यात येणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून कृष्णधवल फोटोत आकाश जवळजवळ काळं आलं आणि कडा त्यातून पुढे झेपावला. शटर दाबण्याआधी अंतिम फोटो मनात पाहण्याचा हा आपला पहिला खरा अनुभव, असं अ‍ॅडम्स पुढे सांगत असत.

आकाश तेव्हा काळं होतं का? नव्हतं. मग तो फोटो खोटा का? मला तसं वाटत नाही. 'एडिटिंग म्हणजे फसवणूक का' असंही विचारलं जातं, त्याचं उत्तर मी याच फोटोवरून देते. समोर उभं असताना जे जाणवलं, त्याच्या जवळ जाण्यासाठी केलेला बदल मला मान्य आहे. न जाणवलेलं नंतर घरी बसून चिकटवणं मान्य नाही. बातमीच्या फोटोचे नियम वेगळे आणि कडक असतात, आणि असायलाच हवेत.

कृष्णधवल की रंगीत?

पहिले तीन महिने कृष्णधवल. रंग गेला की प्रकाश कुठून येतोय हे दिसू लागतं. नंतर तुम्हाला हवं ते.

फोटो काढण्याच्या नादात तो क्षणच निसटतो, असं नाही का होत?

होतं. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 2014 साली छापून आला. संग्रहालयात काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला लोकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर, फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. आता कॅमेरा लक्षात ठेवेल म्हणून मनाने जबाबदारी टाकून दिली, असा त्याचा एक अर्थ. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मी प्रत्येक गटाला सांगते. ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागाचा जवळून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांच्या आठवणीत घट झाली नाही. त्या भागाबाहेरचं सुद्धा त्यांना आठवत होतं.

म्हणजे दोष यंत्राचा नाही. टिपून पुढे पळालो तर क्षण निसटतो, थांबून निवड केली तर तो उलट पक्का बसतो. लग्नाकार्यात, मुलांच्या वाढदिवसाला मात्र मी स्वतः कॅमेरा पिशवीतच ठेवते.

ज्यांना दिसत नाही, ती माणसं फोटो काढू शकतात का?

काढतात, आणि त्यांच्यामुळे 'पाहणं' या शब्दाचा अर्थ मला नव्याने कळला. एव्हगेन बाव्चार यांचा जन्म 1946 चा, स्लोव्हेनियातला. बाराव्या वर्षाच्या आत दोन अपघातांत त्यांचे दोन्ही डोळे गेले. शाळेत असताना हातात कॅमेरा आला. पुढे पॅरिसमध्ये ते तत्त्वज्ञान शिकले आणि छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. त्यांच्या बऱ्याच फोटोंत अंधार मोठा असतो आणि हातातल्या छोट्या दिव्याने ते हवं तेवढंच उजळतात. हाताने स्पर्श करावा तसा तिथे प्रकाश फिरलेला दिसतो.

बाव्चार यांच्या कामापासून प्रेरणा घेऊन पार्थो भौमिक यांनी 2006 साली मुंबईत 'ब्लाइंड विथ कॅमेरा' हा उपक्रम सुरू केला. तिथे अंध आणि अंशतः दृष्टी असलेले लोक फोटोग्राफी शिकतात. माणूस किती अंतरावर आहे ते आवाजावरून ओळखायचं, ऊन कुठून येतंय ते गालाला लागणाऱ्या उबेवरून, वस्तूचा आकार हाताने चाचपून. आधी मनात चित्र जुळवायचं आणि मग शटर दाबायचं. अशा फोटोंच्या प्रदर्शनांत बोटांनी वाचता येतील अशी उठावाची चित्रं आणि ध्वनीवर्णनं ठेवली जातात.

आमच्या गटात आम्ही वर्षातून एकदा डोळ्यांवर रुमाल बांधून एक तास फोटो काढतो. अंधत्व म्हणजे काय ते एका तासात कळतं, असा दावा मी अजिबात करत नाही. तसा दावा करणं अन्यायाचं होईल. पण एरवी आपण किती आवाज ऐकायचे सोडून देतो, तेवढं नक्की कळतं.

आपल्या परंपरेत या विचाराला काही आधार आहे का?

भरपूर आहे, आणि मला आठवतो तो चांगदेवांचा कोरा कागद. चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, पण मायना काय लिहावा ते सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर अधिकाराने मोठे. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला, अशी कथा आहे. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी 65 ओव्या लिहिल्या, तीच 'चांगदेव पासष्टी'. त्यातला मोठा विषय पाहणारा, पाहिलं जाणारं आणि पाहणं या तिघांचा आहे. आरशासमोर उभं राहिलं की एकच मुख पाहणारंही होतं आणि पाहिलं जाणारंही होतं. आरसा दूर केला तरी मुख असतंच, पाहण्याची ती जोडी तेवढी मावळते.

तेराव्या शतकातली ही मांडणी मोक्षाच्या वाटेवरच्या माणसासाठी होती, फोटोग्राफीसाठी नव्हे. ती ओढून आपल्या छंदाला लावू नये. पण पाट्यासमोर एकोणतीस फोटोंनंतर उकिडवं बसलेलं माणूस मी पाहिलं आहे. त्या क्षणी पाट्याकडे 'पाहणारं' कुणी तिथे वेगळं उरलेलं नव्हतं. पासष्टी मी लहानपणी आजोबांकडून ऐकली होती. तिचा एक कोपरा मला त्या अंगणात कळला.

अनोळखी माणसांचे फोटो विचारून काढावेत की न विचारता?

विचारून. विचारलं की चेहऱ्यावरचा सहजभाव जातो हे खरं आहे. मग बसा, बोला, चहा घ्या. तो परत येतो. वारीत, बाजारात, घाटावर लांबून भिंगं रोखून म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या टिपणाऱ्यांची गर्दी वाढली आहे आणि मला त्याचा त्रास होतो. समोरचा माणूस म्हणजे 'टेक्श्चर', नुसता पोत नव्हे.

तान्ह्या बाळाचा फोटो काढू नका, दृष्ट लागेल, असं कुणी आजी म्हणाल्या तर वाद घालू नका. नजरेत ताकद असते हे त्या मानतात. आपणही दुसरं काय मानतो? कॅमेरा खाली ठेवा आणि बाळाला डोळे भरून पाहा.

काही महिन्यांनी काहीच सुचेनासं होतं. सगळे फोटो सारखेच येतात. काय करावं?

सगळे सारखे येतात, ही फार चांगली बातमी आहे. ते ओळीने मांडा आणि सारखं काय आहे ते शोधा. माझ्या पहिल्या तीन वर्षांच्या फोटोंत जवळजवळ एकही दार पूर्ण उघडं नव्हतं. अर्धवट लोटलेली दारं, फट, कडी. मी ठरवून तसं केलेलं नव्हतं. ते दिसल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते आणि मग आईशी एका जुन्या विषयावर बोलले. त्याविषयी इथे लिहिण्याची गरज नाही.

स्वतःचे फोटो तपासायचे कसे?

लगेच नाही. निदान पंधरा दिवस जाऊ द्या, म्हणजे काढतानाचा उत्साह उतरतो. मग छापून घ्या. पडद्यावर बोट सरकतं, कागदासमोर थांबावं लागतं. स्टुडिओतल्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहिलं की काचेवर चित्र उलटं दिसायचं. तसा फोटो उलटा धरा. 'हा मामा, हे देऊळ' ही ओळख पुसली जाते आणि उजेड-काळोखाची मांडणी तेवढी उरते.

आणि वही ठेवा. फोटोबद्दल 'छान', 'जमला' असलं लिहू नका. फोटो काढताना लक्षात न आलेली एक गोष्ट रोज लिहा, एकच. बाबा आता ऐंशीचे आहेत आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. माझ्या वहीशेजारी त्यांचीही एक वही असते. कालच्या पानावर त्यांनी लिहिलंय: 'जास्वंदीच्या पानांची खालची बाजू फिकट आहे.'